आवाजाचा भाव

आमच्या दुकानात येणारा माणूस आधी भाव विचारतो, मग खुर्ची ओढून बसतो आणि घोटभर पाणी पिऊन पुन्हा तोच भाव विचारतो. मधल्या वेळात वाढला तर नाही ना, अशी त्याला धास्ती असते. ती अगदीच चुकीची नसते.

दुकान पनवेलला, जुन्या गावात, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. वडिलांनी सुरू केलं, मी चालवतो, आणि माझ्यानंतर कोण चालवणार हे घरात कोणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत आहे. दुकानात बंदुकीची काडतुसं मिळतात. परवानाधारकाला, परवाना बघून, नियमात बसतील तेवढीच. लग्नाकार्यात "आपण काय करता?" असं कोणी विचारलं आणि मी हे सांगितलं की विचारणारा क्षणभर आदराने बघतो. मग त्याची नजर माझ्या पोटावरून, चष्म्यावरून, हातातल्या जिलबीवरून फिरते आणि आदर हळूहळू ओसरतो.

ओसरतो तेच बरं. कारण तीसेक वर्षं काडतुसं विकून मी स्वतः एकही उडवलेलं नाही. आमचं काम विक्रीचं. बंदूक उडते कुठे तर शेतात, रानात, नाहीतर नेमबाजीच्या मैदानावर. तिथे मी कशाला जाऊ? खरं कारण वेगळं आहे. मला आवाजाचं भय वाटतं. दिवाळीत गल्लीतल्या पोरांनी सुतळी बाँब काढला की मी आतल्या खोलीत फराळाचे डबे आवरायला जातो. आणि दचकलो की माझ्या तोंडून जी किंकाळी निघते ती माझी मलाच अनोळखी वाटते. पातेलं पडलं तरी निघते. एकदा शेजारच्या लग्नात नवरदेवाचा घोडा उधळला. तो फटाक्यांच्या माळेने नव्हे, माझ्यामुळे उधळला असं आमच्या हिचं ठाम मत आहे. घोड्याला विचारण्याची सोय नसल्याने ते मत अजून टिकून आहे.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, काडतूस म्हणजे काहीतरी भयंकर गुंतागुंतीची वस्तू. तसं काही नाही. काडतूस म्हणजे एक डबा. तळाला ठिणगी पाडणारी इवलीशी टोपी, तिच्यावर बारूद, बारुदीवर पुठ्ठ्याच्या चकत्या आणि सगळ्यांत वर शिशाचे छर्रे. हल्ली हा डबा प्लास्टिकचा असतो, एकदा उडवला की टाकून द्यायचा. पूर्वी तो पितळेचा असायचा. उडवला की घरी आणायचा, पुसायचा आणि पुन्हा भरायचा. त्यामुळे वडिलांच्या वेळी परवानेवाले शेतकरी तयार काडतुसं फारशी घेतच नसत. टोप्या वेगळ्या, बारूद वेगळी, छर्रे वेगळे, असं सुटं सामान न्यायचे, वाण्याकडून डाळ-तांदूळ न्यावेत तसं. तयार काडतूस नेतो तो खानावळीत जेवणारा आणि सामान नेऊन घरी भरतो तो संसारी, अशी वडिलांची गिऱ्हाइकांची वर्गवारी होती. संसारी माणसाला ते चहा पाजायचे.

मी गादीवर बसलो तेव्हा छर्रे पायलीने मापल्यासारखे जायचे. आता मी ते केशरासारखे विकतो. मधल्या काळात काय झालं हे मला गिऱ्हाइकांनी इतक्या वेळा विचारलं की मी कारणं तयारच ठेवायला लागलो. दूरदेशी कुठेतरी लढाई चालू आहे. डॉलर वर गेला. डिझेल वाढलं. कारण जितकं लांबचं तितकं गिऱ्हाईक शांत होतं, हा माझा अनुभव. पनवेलमधलं कारण दिलं तर ते तपासायला जातात.

भाव लिहिलेली पाटीही मी एकदा लावून पाहिली. रोजचं विचारणं थांबेल असं वाटलं होतं. तर अब्बासचाचा रागावले. चाचा आमचे जुने गिऱ्हाईक, उमेदीची वर्षं कुवेतला काढून परतलेले. त्यांच्या वडिलांची दुनळी बंदूक त्यांच्याकडे आली आहे, आणि दर ईद झाली की ते काडतुसाचा भाव काढायला येतात. घेत काही नाहीत. पाटी बघून म्हणाले, "बेटा, हे भिंतीलाच विचारायचं तर मी इतकं चालत कशाला येऊ?" मी पाटी काढली. मग त्यांनी भाव विचारला, मी सांगितला, त्यांनी कपाळाला हात लावला. "अब्बांनी बंदूक दिली, सोबत काडतुसं द्यायला विसरले," असं म्हणून शिरखुर्म्याचा डबा ठेवून गेले. काही माणसं भाव विचारायला येतात ती भेटायला येतात, हे मला तेव्हा कळलं. वडिलांना ते आधीपासून माहीत असावं. त्यांनी आयुष्यात पाटी लावली नाही.

पण माझ्या लांबच्या कारणांनी ज्याचं समाधान झालं नाही असा एकच माणूस निघाला. धर्माकाका.

धर्माकाका ओवे गावाच्या वरच्या अंगाचे, डोंगराच्या पायथ्याशी शेत असलेले. घरची भातशेती होती, मिठागरात वाटा होता. एकेक करून सगळं गेलं, कुठे रस्ता आला, कुठे इमारती. राहिला तो डोंगराला टेकलेला एक तुकडा. त्यात ते भात निघालं की वाल पेरतात. त्यांच्या आईच्या वेळेपासून जपलेलं बी, शेंग बुटकी पण दाणा असा की पोपटीच्या, म्हणजे जाळावर शेंगा भाजायच्या, मडक्यात दुसऱ्या कुठल्या वालाला तो वास येत नाही. हे मी पनवेलकर म्हणून पक्षपाताने सांगत नाही, खाऊन सांगतो. त्या शेतात डोंगरातून डुकरं उतरतात. त्यांना हाकलायला काकांकडे शेतीसंरक्षणाचा परवाना, वडिलोपार्जित एकनळी बंदूक आणि तिची पितळी काडतुसं. आमच्या दुकानातलं शेवटचं संसारी गिऱ्हाईक.

एका वर्षी छर्रे महागले. मी लढाईचं कारण दिलं. काका म्हणाले, "लढाईत छर्रे मारतान? तिथं तर विमानां उडतान." ते गेल्यावर मला स्वतःलाच कुतूहल वाटायला लागलं. इतकी वर्षं मी भाव सांगत होतो, पण शिसं का वाढतं हे मला कुठे माहीत होतं? चौकशी केली तर कळलं की जगातलं बहुतेक शिसं बॅटऱ्यांमध्ये जातं. घराघरांत इन्व्हर्टर आले, गाड्या वाढल्या, बॅटरीवरच्या रिक्षा आल्या. पुढच्या खेपेला मी हे काकांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. काका दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. समोरून बॅटरीवाली एक रिक्षा गेली, मागून दुसरी.

"म्हंजे माझे छर्रे त्यात बसून फिरतान," ते म्हणाले. आणि त्या वर्षापासून त्यांनी छर्रे घेणं बंद केलं.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. डुकराला मारायची तशीही मनाई. आपल्याला हवा आहे तो आवाज. मग आवाजात शिसं कशाला घालायचं? त्यांनी नुसत्या बारुदीवर चकत्या दाबून बार काढायला सुरुवात केली. डुकरं पूर्वीइतकीच पळाली. मी दुकानदार म्हणून हळहळलो आणि माणूस म्हणून थक्क झालो.

चकत्यांचा तर त्यांना कधी खर्चच नव्हता. त्या ते लग्नपत्रिकांतून पाडायचे. आमच्या भागातल्या लग्नपत्रिका म्हणजे दणकट काम. हळद, साखरपुडा, लग्न, गोंधळ सगळं त्यात मावायचं असतं. काकांच्या घरी मोसमाला एवढ्या पत्रिका यायच्या की वर्षभराच्या चकत्या निघून उरत. त्यांचा एक नेम होता. वरचा गणपती कापायचा नाही, नवरा-नवरीच्या नावाला हात लावायचा नाही. चकती पाडायची ती खालच्या मजकुरातून. "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" हे वाक्य त्यांच्या बंदुकीतून किती वेळा डोंगरावर गेलं असेल, देव जाणे. घरी कोणी पत्रिका द्यायला आलं की नाव वाचायच्या आधी ते कागद बोटांत धरून बघायचे. माझ्या मुलीची पत्रिका घेऊन गेलो तेव्हाही त्यांनी आधी तेच केलं. मग समाधानाने मान हलवून म्हणाले, "पोरगी चांगल्या घरी दिलीव." घराचा अंदाज त्यांनी पुठ्ठ्यावरून बांधला होता.

मग लोकांनी पत्रिका मोबाईलवर पाठवायला सुरुवात केली.

सामानाच्या भाववाढीची कारणं शोधताना मी डॉलरपासून तांब्यापर्यंत सगळं पाहिलं होतं, पण हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. काका दुकानात आले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला चकत्यांचा भाव विचारला. सुनेच्या मोबाईलवर आलेली पत्रिका मला दाखवली. तिच्यात फुलं उमलत होती, सनई वाजत होती. "हिचा काय कापू?" ते म्हणाले.

तोपर्यंत बारूदही आवाक्याबाहेर गेली होती. ती का वाढते हे विचारायला मी मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडे गेलो. माल जितका कमी खपेल तितका स्वस्त व्हायला पाहिजे, असा माझा वाणी हिशेब. ते हसले. म्हणाले, "पंगतीला माणसं कमी आली म्हणून आचारी पैसे कमी घेतो का?" बारूद काही कुरियरने येत नाही. तिला वेगळी गाडी, वेगळी परवानगी, वेगळी कोठी. पूर्वी तीच गाडी पनवेल, उरण, पेण करत दहा ठिकाणी माल उतरवायची. आता त्या वाटेवर सुटी बारूद घेणारा मी एकटा, आणि माझ्याकडे घेणारे धर्माकाका एकटे. म्हणजे त्या गाडीचं सगळं भाडं धर्माकाकांच्या वालावर बसत होतं. मी परत येताना बसमध्ये याचाच विचार करत होतो. माझं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून मी माल मागवत राहिलो, आणि त्या मागवण्यानेच माल महाग होत गेला.

काकांनी यावर बारूद अर्धी केली. बार व्हायचा, पण म्हाताऱ्याने खोकल्यासारखा. डुकरं पहिल्या दिवशी थबकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कान हलवले. आठवडा उलटल्यावर, काका सांगतात, एक मोठा नर बांधावर उभा राहून त्यांचा बार संपायची वाट बघत होता. खाली-वर होणाऱ्या भावाचा एवढा अचूक अभ्यास माझ्याकडे येणाऱ्या कुठल्याच गिऱ्हाइकाने केला नसेल.

एकदा त्यांनी मन घट्ट करून एक तयार काडतूस नेलं. त्याचा आवाज कोरडा, चटकन विरणारा. पितळीतल्या काळ्या बारुदीचा आवाज डोंगरावर आपटून घुमत परत येतो, तसा नाही. डुकरांनी तोही मनावर घेतला नाही.

आणि गेल्या वर्षी टोप्या संपल्या. त्यांच्या पितळी काडतुसाला लागणारी टोपी जुन्या मापाची. ते माप करणाऱ्याने करणं सोडलं, कारण मागणारं कोणी उरलं नाही. मी चार शहरांत फोन केले. काकांच्या कापूस घातलेल्या डबीत एकच टोपी राहिली.

हे सगळं होईपर्यंत सलग दोन हंगाम वाल डुकरांनी खाल्ला होता. काकांचा मुलगा सुरेश तळोज्याला कारखान्यात पाळीवर जातो. शांत, समजूतदार माणूस. पण रात्रपाळी करून यायचं आणि उद्ध्वस्त शेत बघायचं, याचा त्याला कंटाळा आला होता. एका कंटेनर यार्डवाल्याने ते शेत भाड्याने मागितलं होतं. भराव टाकून सपाट करणार, कुंपण घालणार, आणि डुकरांचा प्रश्न कायमचा मिटणार. सुरेश वडिलांना वाईट शब्द बोलला नाही. एवढंच म्हणाला, "बाबा, यंदाचा वाल घरात आला तर शेत तुमचं. नाय आला तर मी त्याला हो सांगेन."

काका कबूल झाले. मला येऊन हे सांगितलं तेव्हा त्यांनी भाव विचारला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी चहा मागवला.

तोडगा काढला तो सुनेने, संगीताने. तिच्या माहेरी हळदीला वाजवायच्या स्पीकरचा धंदा आहे. आमच्याकडच्या हळदीचा स्पीकर ज्याने ऐकलाय त्याला जास्त सांगायला नको, आणि ज्याने नाही ऐकला त्याला सांगून पटायचं नाही. तिने भावाकडून एक स्पीकर आणला आणि मोबाईलवरून त्यात बंदुकीचा आवाज लावला, इंटरनेटवरून घेतलेला. डुकरं हलली नाहीत. वाघाची डरकाळी लावली. डुकरं हलली नाहीत, पण गावातली सगळी कुत्री पहाटेपर्यंत रडत राहिली आणि सरपंच विचारपूस करायला आले.

काका म्हणाले, "ते परके आवाज हायत. आमचे डुकरांना आमचे बंदुकीचा आवाज ठावा हाय. तिचा पुरा बार झाला की त्यांचे आजे-पणजे पलायचे."

म्हणजे पूर्वीच्या मापाचा एक पुरा बार मोबाईलमध्ये पकडायचा, आणि तो रोज वाजवायचा. टोपी एकच, म्हणून संधीही एकच. तीही कापसात किती वर्षं पडलेली, पेटेल की नाही याचा भरवसा नाही. माझ्या कोठीत तळाला राहिलेली बारूद मी काढली, परवान्यावर नोंद केली आणि भाव न सांगता पुढे ठेवली. काकांनी मात्र थांबवलं. "भाव सांगा," म्हणाले. मी जुना सांगितला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्यांना कळलं, आणि बहुधा मला बरं वाटावं म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला.

मला शेतावर बोलावणं आलं. हिने निघताना विचारलं, "तुम्ही कशाला?" मी म्हणालो, एवढी वर्षं ज्याचं सामान विकलं त्याचा शेवटचा बार तरी बघू नको का? ती म्हणाली, बघा, पण कानात घालायला कापूस न्या. मी नेला नाही. शेवटी आपलीही काही प्रतिष्ठा असते.

उन्हं उतरत होती. वाल गुडघ्याएवढा, नुकता फुलावर आलेला. सुरेशने पोलीस चौकीत आधीच सांगून ठेवलं होतं. काकांनी पितळी काडतूस भरून आणलं होतं. वरची चकती कशाची ते त्यांनी मला दाखवलं. माझ्या मुलीच्या पत्रिकेची होती, "आपली उपस्थिती हाच आहेर" यातला "आहेर" तिच्यावर होता. संगीता स्पीकरच्या तारा लावण्यात गुंतली होती. मोबाईल कोणी धरायचा, असा प्रश्न आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "द्या इकडे. आपला धंदाच आहे हा."

संगीताने बजावलं, कोणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. मी दोन्ही हातांनी मोबाईल धरून काकांच्या बाजूला उभा राहिलो. दात आवळले. काकांनी डोंगराच्या मोकळ्या अंगाला नळी धरली आणि चाप ओढला.

खट्.

बस एवढंच. टोपी पेटली नव्हती.

सुरेशने जमिनीकडे पाहिलं. मी श्वास सोडला. शरम वाटते सांगायला, पण मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि वाईट नंतर वाटलं. आवळलेले दात सैल झाले, खांदे खाली आले. काका मात्र हलले नव्हते. नळी तशीच समोर, नजर तशीच समोर. बरंच थांबले. मग अंगठ्याने बंदुकीचा घोडा पुन्हा चढवला, कोणाला काही न सांगता, आणि चाप ओढला.

तो आवाज कसा होता हे मला सांगता येणार नाही. मी जन्मभर त्याचे तुकडे विकले होते, चार आण्याची टोपी, मूठभर बारूद. ते सगळे तुकडे एकत्र आल्यावर काय होतं ते तेव्हा पहिल्यांदा अंगावर आलं. शेत हललं आणि त्याच क्षणी कुणीतरी अतिशय भयानक ओरडलं. "अगं आईऽऽ गंऽऽ!" डोंगराने बार परत पाठवला आणि पाठोपाठ आईही परत पाठवली. धूर विरल्यावर सगळे माझ्याकडे बघत होते.

मोबाईल हातातून पडला नव्हता, तेवढीच काय ती माझी शिस्त.

संगीताने तो घेतला आणि लावला. बार मोठा सुंदर आला होता. आणि तो घुमायला लागतो न लागतो तोच माझी किंकाळी त्याच्या उरावर बसत होती. तिने तो भाग कापून पाहिला. पण बार आणि मी एकमेकांत असे मिसळलो होतो की मला काढलं की बारही जायचा, दार आपटल्यासारखा नुसता धप्प उरायचा. दुसरी टोपी नव्हती. मला वाटलं, वाल डुकरांनी नाही खाल्ला, मी खाल्ला. आईच्या वेळचं ते बी, तो वास, सगळं कंटेनरखाली. काका माझ्याजवळ आले. मी म्हणालो, काका, चुकलं. ते म्हणाले, "तुमी तरी काय कराल. तुमी आवाज इकला, आयकला कवा?"

घरी आल्यावर माझ्या चेहऱ्यावरून हिला कळलं असावं. तिने कापसाची पुडी कपाटात होती तिथे परत ठेवली, मला दिसेल अशी.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडत होतो तोच सुरेशचा फोन आला. रात्री करायचं काहीच नव्हतं म्हणून त्यांनी आहे तेच लावलं होतं, किंकाळीसकट. डुकरं बांधावर आलेली होती. बार झाला तेव्हा त्यांनी माना वर केल्या, पण उभी राहिली. मग मी ओरडलो. सुरेश म्हणाला, "शेट, तुम्ही ओरडलात आणि जी पळाली ती मागं वळून बघायला थांबली नाहीत. आम्हीपण दचकलो, आम्हाला माहीत असून."

त्यानंतर डुकरं रात्री दोन-तीनदा आली, लांबूनच. प्रत्येक वेळी मी ओरडलो आणि प्रत्येक वेळी ती गेली. मग यायची थांबली.

असं का झालं, यावर मी खूप विचार केला. इंटरनेटवर शोधलं, प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारलं. कोणी ठाम सांगत नाही. धर्माकाकांचं म्हणणं असं, की नुसत्या बाराची डुकरांना सवय झालेली. त्यांना कळून चुकलेलं, की ही बंदूक बोलते पण कोणाला लागत नाही. बाराच्या मागोमाग कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं तेव्हा त्यांना वाटलं, आज लागला. मला हे पटतं. आमची ही म्हणते, यात बाराचा काही संबंध नाही, लग्नातल्या घोड्याला कुठे बार ऐकवला होता? तिच्या म्हणण्यालाही तोड नाही.

वाल घरात आला. सुरेशने यार्डवाल्याला नाही सांगितलं, आणि सांगताना, मी ऐकलंय, तो हसत होता.

थंडी सरता सरता आम्हाला पोपटीला बोलावलं. त्याच बांधावर, जिथे तो नर उभा राहायचा. भांबुर्ड्याचा वासाचा रानपाला घालून मडकं उपडं लावलेलं, भोवती जाळ. मडक्यावर पाणी शिंपडल्यावर चर्र झालं आणि काकांनी ते उतरवलं. वालाच्या शेंगा वाफाळत बाहेर आल्या तेव्हा सगळे आपोआप पुढे सरकले. बंदूक घरात, तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवलेली आहे. आता ती उडायची नाही. पितळी काडतुसात घालायला जगात टोपी नाही. माझं शेवटचं संसारी गिऱ्हाईक मी असं तोडलं, एका किंकाळीत, आणि तीही फुकट दिली. दुकानातल्या त्या कप्प्यात आता मी परवान्यांच्या झेरॉक्स ठेवतो. हात सवयीने तिकडे जातो, आणि परत येतो.

शेजारच्या शेतवाल्याने तो आवाज मागून घेतलाय. त्याच्या मेव्हण्याने पेणला नेलाय. कुठकुठल्या शेतांत मी रात्रीचा ओरडत असतो याचा आता मला पत्ता नाही. आमच्या हिने तो मोबाईलच्या घंटीला लावलाय, फक्त माझा फोन आला की वाजेल असा. घरी फोन केला की आधी बार होतो, मग मी ओरडतो, मग ती उचलते. कधी कधी मुद्दाम उशिरा उचलते.

शेंगा संपत आल्या. धर्माकाकांनी हात झटकले, माझ्या बाजूला सरकून बसले आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, जाळाकडे बघत, हळूच विचारलं, "शेट, ह्या आवाजाचा भाव काय?"

लढाई, डॉलर, डिझेल, शिसं, गाडीभाडं, एकही कारण लागू होईना.

मग काकांनी शेवटची शेंग माझ्या हातावर ठेवली आणि तोच भाव पुन्हा विचारला.